हौसेपासून हमीपर्यंत

१९८८ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात स्कॉट क्रम्प या इंजिनिअरला आपल्या दोन वर्षांच्या मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करून द्यायचा होता. घरात ग्लू गन होती. नेहमीच्या गोंदाच्या कांडीऐवजी त्यानं तिच्यात पॉलिथिन आणि मेणबत्तीचं मेण यांचं मिश्रण भरलं आणि स्वयंपाकघरातच पातळ थरावर थर चढवत बेडूक उभा केला. हातानं थर एकसारखे पडेनात. तेव्हा त्यानं ही ग्लू गन तिन्ही दिशांना सरकणाऱ्या एका सांगाड्यावर बसवली आणि सांगाडा हलवायचं काम संगणकाकडे सोपवलं. १९८९ मध्ये पत्नी लिसा यांच्यासह त्यानं स्ट्रॅटसिस ही कंपनी काढली आणि १९९२ मध्ये या पद्धतीचं पेटंट मिळवलं. प्लास्टिकची तार वितळवून वस्तू घडवणारे जे थ्री-डी प्रिंटर आज शाळा-कॉलेजांत आणि छोट्या वर्कशॉपांत दिसतात, ते सगळे या बेडकाच्या वंशातले.

अशी गोष्ट ऐकली की आपल्या लक्षात तिची दोन टोकं राहतात. एका टोकाला बाप, मुलगी आणि बेडूक, दुसऱ्या टोकाला कंपनी. मधली वर्षं गळून जातात. पुढची पानं त्या मधल्या वर्षांबद्दल आहेत, म्हणून ही प्रस्तावनाही तिथेच रेंगाळणार आहे. हौसेनं वस्तू उघडून बघणारा, जोडणारा, रात्री उशिरापर्यंत सोल्डरिंगचा धूर खाणारा माणूस संशोधक कधी होतो? आणि त्याच्याही पुढे जाऊन, यंत्रं विकून त्यावर चार माणसांचे पगार भागवणारा उद्योजक कधी होतो?

माझ्यापुरतं उत्तर मी आधीच देऊन टाकतो. टेबलावरचं यंत्र पहिल्यांदा चालतं, तो दिवस हौसेचा. कुणा अनोळखी माणसानं पैसे मोजून ते घरी नेलेलं असतं, तिथं ते बंद पडतं आणि ते नीट करून देणं हे आपलं काम आहे असं करणाऱ्याला मनापासून वाटतं, त्या दिवशी उद्योजक जन्माला येतो. हौशी माणूस वस्तू देतो, उद्योजक वस्तूबरोबर हमी देतो. या दोहोंमधलं अंतर बाहेरून दिसतं त्यापेक्षा पुष्कळ मोठं आहे, आणि ते कापताना माणसाला बरंच काही नव्यानं शिकावं लागतं.

हे अंतर समजून घ्यायला महाराष्ट्रातल्या माणसाला मिनेसोटापर्यंत जायची गरज नाही. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला, आणि कोल्हापुरात नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावंडांना सिनेमाचं वेड लागलं. परदेशी कॅमेरा आवाक्यातला नव्हता. मग कॅमेराच करायचा, असं त्यांनी ठरवलं. सिनेमाचा कॅमेरा म्हणजे काय, हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. हँडल फिरवलं की फिल्म एक चौकटभर पुढे सरकली पाहिजे, क्षणभर अगदी निश्चल थांबली पाहिजे, तेवढ्याच क्षणात समोरची झडप उघडून मिटली पाहिजे, आणि सेकंदाला पंधरा-सोळा वेळा हेच बिनचूक घडलं पाहिजे. फिल्म सरकताना झडप उघडी राहिली तर चित्र फरफटतं. फिल्मच्या कडेच्या भोकांत अडकणारा दात केसभर इकडेतिकडे झाला तर भोक फाटतं. ही अचूकता पडदे रंगवणाऱ्या माणसांनी हातानं साधायची होती. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी काम सोडलं नाही, आणि १९१८ च्या सुमारास त्यांचा कॅमेरा चालू झाला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला.

बाबूराव पेंटर संशोधक होते यात कुणाला शंका असू नये. पण कॅमेरे करून विकायचा धंदा त्यांनी केला नाही. त्यांना चित्रपट काढायचे होते. त्यांच्या कॅमेऱ्याचं गिऱ्हाईक ते स्वतःच होते. त्यात काही अडलं तर तो करणारा माणूस तिथेच हँडलपाशी उभा होता.

आता लक्ष्मणराव किर्लोस्कर पाहा. १८६९ चा जन्म. मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण काही रंग ओळखण्यात डोळे दगा देतात असं लक्षात आलं, म्हणून यंत्रांच्या ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. सायकली तेव्हा नव्या होत्या, त्यांत त्यांचं मन रमलं. आपल्या हक्काची बढती दुसऱ्याला दिली गेली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावातल्या सायकलींच्या दुकानात पूर्ण लक्ष घातलं. पुढे कडबा कापायचं यंत्र केलं आणि १९०३ मध्ये लोखंडी नांगर. लोखंडानं जमिनीला विष लागतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर घडवण्यापेक्षा तो शिवारात नेऊन उभा करणंच जास्त कठीण गेलं. १९१० मध्ये औंध संस्थानच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा कुठे या खटपटीला पक्की जागा मिळाली.

नांगराचं गिऱ्हाईक कारखान्यात बसत नाही. ते कुठल्या तरी गावात आहे, मृगाच्या तोंडावर त्याची घाई आहे, आणि फाळ झिजला तर त्याला दुसरा फाळ हवा आहे, तोही आजच. तो नवा फाळ जुन्या नांगराला कानस न मारता बसला पाहिजे. म्हणजे शंभरावा फाळ पहिल्या फाळासारखाच हवा, भोकं त्याच जागी हवीत, बोल्ट तोच हवा. कॅमेरा एकच असतो तेव्हा त्याचा प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी घासूनपुसून जमवता येतो. नांगर शेकड्यांनी जायला लागले की जमवाजमव संपते आणि मापं सुरू होतात. बाबूरावांची आणि लक्ष्मणरावांची कारागिरी सारखीच थोर, पण लक्ष्मणरावांनी परक्या माणसाच्या शेताची जबाबदारी अंगावर घेतली. मला या विषयात सर्वांत जास्त कुतूहल त्या जबाबदारीचं आहे.

पुन्हा थ्री-डी प्रिंटरकडे येऊ, कारण हौसेतून उद्योग कसा होतो, त्यात काय मिळतं आणि काय हरवतं, हे या एकाच यंत्राच्या इतिहासात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित दुसरीकडे दिसेल.

क्रम्पच्या पेटंटमुळे त्या पद्धतीची यंत्रं बराच काळ मोठ्या कंपन्यांच्या डिझाइन विभागांपुरतीच राहिली. घरच्या टेबलावर असं यंत्र ठेवावं, हा विचारच कुणी करत नव्हतं. २००४ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठात शिकवणाऱ्या एड्रियन बोयर यांनी एक कल्पना मांडली: स्वतःचेच भाग छापू शकेल असं यंत्र करावं आणि त्याचे आराखडे सगळ्यांना फुकट द्यावेत. ज्याच्याकडे एक यंत्र आहे त्यानं मित्रासाठी दुसऱ्याचे भाग छापावेत, मित्रानं तिसऱ्याचे. मोटर, लोखंडी गज, नट-बोल्ट आणि सर्किट बाजारातून आणायचं, बाकीचे प्लास्टिकचे भाग यंत्र स्वतः देईल. प्रकल्पाचं नाव रेपरॅप. पहिल्या यंत्राला ‘डार्विन’ म्हणत, आणि २००८ मध्ये एका डार्विननं छापलेल्या भागांतून दुसरा डार्विन उभा राहिला.

ज्यांनी अशी सुरुवातीची यंत्रं चालताना पाहिली नाहीत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगतो. आट्या पाडलेले लोखंडी गज नट-बोल्टनी आवळून केलेला एक डुगडुगता चौकोन. त्यात तापलेली एक पितळी चोच, तिचं भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरचं. वरून प्लास्टिकची तार ढकलायची, ती दोनशे अंशांच्या आसपास वितळून खालून धाग्यासारखी येते. हा धागा खालच्या पाटावर चिकटला तर काम होतं. पण प्लास्टिक थंड होताना आकसतं, वस्तूचे कोपरे पापडासारखे वर वळतात, चोच त्यांना धडकते आणि चार तासांचं काम पाटावरून निसटतं. लोक पाटावर रंगाऱ्याची निळी चिकटपट्टी लावून बघत, गोंद लावत, काच बसवत. मग पाटच गरम ठेवावा असं सुचलं. त्यासाठीचा एक सोपा मार्ग योसेफ प्रुशा या प्रागमध्ये अर्थशास्त्र शिकणाऱ्या मुलानं काढला. त्यानं सर्किटच्या पाटीवर तांब्याची एकच लांबलचक नागमोडी रेघ काढली. तिच्यातून वीज सोडली की सगळी पाटी सारखी तापते. सर्किट छापणाऱ्या कुठल्याही कारखान्यात ही पाटी स्वस्तात करून मिळते. इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्या विशीतल्या मुलाची ही युक्ती जगभरच्या हौशी यंत्रांमध्ये जाऊन बसली, कारण तिचा आराखडा उघडा होता.

अशी सोबत नसेल तर हौशी माणूस फार पुढे जात नाही, हे माझं ठाम मत आहे. एकटा प्रतिभावंत गॅरेजमध्ये बसून जग बदलतो, हे चित्र लोकांना आवडतं. पण ज्या गॅरेजचा सर्वांत जास्त गवगवा झाला त्याच्यामागेही एक मंडळ होतं. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक भरली. स्टीव्ह वॉझनिअॅक त्या बैठकीला होते. त्यांनी आपल्या संगणकाचा आराखडा क्लबमध्ये वाटला, कुणी जोडत असेल तर जाऊन मदत केली. विकण्याचा विचार त्यांच्या मनात नव्हता. स्टीव्ह जॉब्स यांनी नुसती रिकामी सर्किट-पाटी विकायची कल्पना काढली, म्हणजे भाग ज्याचे त्यानं आणावेत आणि जोडावेत. मग पॉल टेरेल या दुकानदारानं सांगितलं, पाटी नको, जोडून तयार केलेले ५० संगणक द्या, नगाला ५०० डॉलर देतो. माझ्या मते अॅपलच्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हे टेरेल यांचं आहे. ज्याला स्वतः सोल्डरिंग करायचं नाही असं गिऱ्हाईक त्या क्षणी पहिल्यांदा दारात आलं. ते येईपर्यंत हौशी लोक हौशी लोकांनाच माल देत होते, आणि आपसांत हमी लागत नाही. बिघडलं तर घेणारा स्वतःच उघडून बघतो.

थ्री-डी प्रिंटरच्या दाराशी असं गिऱ्हाईक येण्याची वाट मोकळी झाली ती २००९ मध्ये. क्रम्पचं मूळ पेटंट त्या वर्षी संपलं. त्याच वर्षाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये ब्रे पेटिस, अॅडम मेयर आणि झॅक स्मिथ या तिघांनी मेकरबॉट ही कंपनी काढली. तिघेही एका हौशी वर्कशॉपच्या मंडळातले. पेटिस पूर्वी शाळेत शिकवत, स्मिथ रेपरॅपच्या कामात आधीपासून होते. बोयर यांनी स्वतःच्या खिशातून या कंपनीला पैसे दिले. प्लायवूड लेसरनं कापून केलेला त्यांचा ‘कपकेक’ प्रिंटर सुट्या भागांच्या स्वरूपात मिळे. आराखडे उघडे होते. सुरुवातीला पट्ट्याची चाकं, म्हणजे पुली, कमी पडायला लागली तेव्हा कंपनीनं आधीच्या गिऱ्हाइकांनाच सांगितलं की तुमच्या प्रिंटरवर पुली छापून द्या, आम्ही पैसे देतो. आपल्या गिऱ्हाइकानंच पुढच्या गिऱ्हाइकाचा माल घडवावा, असे दिवस कुठल्या कंपनीच्या वाट्याला येतात?

हे दिवस टिकले नाहीत. २०११ मध्ये गुंतवणूकदारांचे पैसे आले. प्लायवूड गेलं, पत्र्याचं देखणं यंत्र आलं. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये ‘रेप्लिकेटर २’ बाजारात आला तेव्हा त्याचे आराखडे कंपनीनं उघडे केले नाहीत. स्मिथ त्याआधीच बाहेर पडले होते, त्यांनी आपली नाराजी जाहीर लिहिली. ज्यांनी वर्षानुवर्षं आपल्या सुधारणा फुकट दिल्या होत्या ते संतापले, आणि त्यांचा संताप मला रास्त वाटतो. कंपनीची बाजूही खोटी नव्हती, कारण उघड्या आराखड्यांची हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकणारे पुढे आले होते आणि पगार द्यायची माणसं वाढली होती. २०१३ मध्ये स्ट्रॅटसिसनं मेकरबॉट विकत घेतली, शेअर्सच्या रूपात ४० कोटी ३० लाख डॉलरना. बेडकाचा वंश फिरून त्याच घरात आला.

पुढच्या वर्षी कंपनीनं नवी पिढी आणली. चोच आणि तार ढकलणारी यंत्रणा एका बंद डबीत घातली, बिघडली तर डबीच बदलायची. कल्पना अनोळखी गिऱ्हाइकासाठी योग्य होती. पण डब्या तुंबत असल्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. पूर्वी असं काही झालं असतं तर दहा हजार हौशी माणसांनी यंत्र उघडलं असतं आणि आठवड्याभरात उपाय निघाला असता. आता आत हात घालायला जागा नव्हती आणि हात घालणारी माणसंही दुरावली होती. २०१५ मध्ये माणसं कमी केली, २०१६ मध्ये ब्रुकलिनमधलं उत्पादन थांबवून ते बाहेर कंत्राटानं दिलं, २०२२ मध्ये कंपनी दुसऱ्या एका प्रिंटर-कंपनीत विलीन झाली. मेकरबॉट नुसत्या लोभामुळे घसरली असं कुणी म्हणतं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. त्यांनी जुनी सोबत सोडली आणि नवी हमी अजून तयार झाली नव्हती, अशा दोन पायऱ्यांच्या मधोमध पाय पडला.

प्रुशा यांनी दुसरी वाट धरली. २०१२ मध्ये प्रागमध्ये त्यांनी कंपनी काढली. आधी वर्षभर-दोन वर्षं ते आराखडे सोपे करत होते: भाग कमी, स्क्रू कमी, जोडायला सोपं. त्यांच्या प्रिंटरचे प्लास्टिकचे भाग त्यांच्याच कारखान्यातले शेकडो प्रिंटर छापतात. म्हणजे जे यंत्र गिऱ्हाइकाला जातं तेच यंत्र कारखान्यात अहोरात्र राबतं, आणि त्याचं दुखणं गिऱ्हाइकाच्या आधी करणाऱ्याला कळतं. हमी देण्याची याहून प्रामाणिक रीत मला ठाऊक नाही. सुटे भाग मिळतात, पुस्तिका तपशीलवार असते, जुन्या यंत्राला नव्याचे भाग बसवता येतात. ही वाटही सोपी नाही. आज चीनच्या शेनझेनमधून आलेली बंद आराखड्यांची वेगवान आणि स्वस्त यंत्रं त्यांच्यासमोर उभी आहेत, आणि उघडेपणा किती परवडतो या प्रश्नाशी प्रुशाही उघडपणे झगडत आहेत. तरी हौशी मंडळातून आलेल्या माणसानं मंडळाशी नातं ठेवून हजारो परक्यांना हमी देता येते, हे त्यांनी बरीच वर्षं करून दाखवलं आहे.

आता त्या कंटाळवाण्या कामांकडे वळतो, ज्यांच्याबद्दल कुणी सिनेमा काढत नाही. एक सर्किट चालतं तेव्हा आपण ते मल्टिमीटरनं तपासतो, बोटानं हलवून बघतो, एखादा जोड पुन्हा तापवतो. पाचशे सर्किटं असतील तर तपासणीसाठीच वेगळं यंत्र करावं लागतं. एका फळीवर स्प्रिंगच्या बारीक सुया उभ्या बसवतात. सर्किट त्यांच्यावर दाबलं की प्रत्येक सुई नेमक्या ठिपक्यावर टेकते, आणि काही सेकंदांत हिरवा किंवा लाल दिवा लागतो. ही फळी विकली जात नाही, गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, आणि ती करण्यात पहिल्या यंत्राइतकीच अक्कल लागते. जो हौशी माणूस ही फळी आनंदानं करतो तो टिकतो, असं मी पाहिलं आहे. मग साचा येतो. प्रिंटरवर छापलेलं खोकं पाच नगांना चालतं. पाच हजार नगांना इंजेक्शन मोल्डिंग लागतं, त्याच्या पोलादी डायला लाखो रुपये पडतात, आणि भिंत एकसारख्या जाडीची नसेल तर प्लास्टिक थंड होताना खड्डा पडतो. मग चार्जर, त्याची सुरक्षा-चाचणी, बीआयएसचं प्रमाणपत्र. ज्या चिपवर सगळं बेतलं ती अचानक बाजारातून गायब होणं. परत आलेल्या मालाची नोंद.

एरिक मिगिकॉव्स्की यांचं उदाहरण या बाबतीत बोलकं आहे. नेदरलंड्समधल्या डेल्फ्टमध्ये विद्यार्थी असताना सायकल चालवता चालवता फोनवरचे निरोप मनगटावर दिसावेत म्हणून त्यांनी घड्याळ करायला घेतलं. २०१२ मध्ये त्यांनी ‘पेबल’ घड्याळासाठी किकस्टार्टरवर लोकांकडे एक लाख डॉलर मागितले. लोकांनी एक कोटीहून जास्त दिले. सप्टेंबरमध्ये द्यायचं ठरलेलं घड्याळ निघायला पुढचं वर्ष उजाडलं. पैसा होता, मागणी होती, घड्याळ चालत होतं. उरलं होतं ते फक्त हजारो घड्याळं एकसारखी करणं. ती त्यांनी केली आणि घड्याळं लोकांच्या आवडीची झाली, तरी २०१६ च्या अखेरीस कंपनी संपली आणि तिचा बराचसा भाग फिटबिटकडे गेला. हमीचं ओझं पहिल्या यशानंतरही उतरत नाही.

या सगळ्याचा आपल्याशी काय संबंध, हा प्रश्न मराठी वाचकाला पडणारच. पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एखाद्या शनिवारी उभं राहून बघावं. डिप्लोमाची मुलं स्टेपर मोटर मागतात. काउंटरमागचा माणूस ‘कशाला पाहिजे?’ असं विचारतो, ऐकून घेतो, आणि ‘ही नको, ही ने, आणि ड्रायव्हर हा घे’ म्हणतो. ती दुकानं म्हणजे आपली वर्गणी न घेणारी मंडळं आहेत. भोसरीत, चिंचवडमध्ये, कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर एकच नग करून देणारा माणूस आजही सापडतो; युरोपातल्या हौशी माणसाला हे भाग्य सहज मिळत नाही. आर्डुइनो ही इटलीतल्या इव्रेया गावच्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी केलेली स्वस्त सर्किट-पाटी. तिचे आराखडे उघडे असल्यामुळे आज ती आपल्या तालुक्याच्या कॉलेजातही पोचली आहे. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅब शाळांत आल्या.

आणि पाबळ आहे. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी हिंदुस्तान लिव्हरमधली नोकरी सोडून १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांनी हातानं काम करत शिकावं, गावाला लागतील अशा सेवा देत शिकावं, ही त्यांची धारणा. अमेरिकेत एमआयटीमध्ये नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून ‘जवळपास काहीही कसं करावं’ अशा अर्थाच्या नावाचा एक अभ्यासक्रम घेत होते. तिथली मुलं यंत्रं करत ती स्वतःपुरती; एकीनं तर भर गर्दीत आलेली किंकाळी साठवून ठेवायची आणि नंतर एकांतात सोडायची पिशवी केली होती. गिऱ्हाईक एकच, करणारी स्वतः. त्याच कामातून पुढे फॅब लॅबची कल्पना आली, आणि २००२ मध्ये अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक पाबळला उभी राहिली. मला ही भेट फार अर्थपूर्ण वाटते. एमआयटीत स्वतःच्या मनासारखं करायचं होतं, पाबळमध्ये शेजाऱ्याची अडचण सोडवायची होती: दूध तपासायचं, डिझेल इंजिन नीट चालवायचं. शेजाऱ्याला दिलेली वस्तू बंद पडली तर तो संध्याकाळी दारात येतो. हमीचा धडा पाबळच्या मुलाला पहिल्या दिवसापासून मिळतो.

आपलं घोडं अडतं ते पुढे. आपल्याकडे स्पर्धा फार आणि गिऱ्हाइकं थोडी. प्रोजेक्टच्या प्रदर्शनात यंत्र एकदा चाललं की बक्षीस मिळतं, वर्तमानपत्रात फोटो येतो, आणि यंत्र कॉलेजच्या कपाटात जातं. तसंच दुसरं यंत्र करून दाखव, असं परीक्षक विचारत नाहीत. ते पावसाळाभर गोठ्यात ठेवून बघितलंस का, हेही विचारत नाहीत. हुशारीला आपण दाद देतो आणि चिवटपणाला वाऱ्यावर सोडतो. मुलगा नोकरीला लागतो, घरचे सुटकेचा श्वास घेतात, आणि त्यांना मी दोष देणार नाही. पहिली पन्नास यंत्रं विकेपर्यंतचा काळ काढायला घरात काहीतरी शिल्लक असावं लागतं, आणि ती शिल्लक सगळ्यांकडे नसते. वॉझनिअॅक यांनीही आपला महागडा कॅल्क्युलेटर विकून पैसे उभे केले होते, पण त्यांच्या हातात तेव्हा चांगली नोकरी होती, हेही विसरू नये.

म्हणून पुढची पानं वाचणाऱ्या तरुणांइतकीच मला दुसऱ्या एका वाचकाची ओढ आहे. दूध संघाचा व्यवस्थापक, जिल्हा परिषदेतला अधिकारी, साखर कारखान्याचा चीफ इंजिनिअर, शाळांची संस्था चालवणारे विश्वस्त. टेरेल यांनी ५० संगणकांची मागणी केली तेव्हा उपकार केले नव्हते, त्यांना दुकानात विकायला माल हवा होता. अशा प्रत्येकानं वर्षातून एकदा, आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या खटपट्या मुलाकडून वीस नग रोख पैसे देऊन घ्यावेत. ते सहा महिने खऱ्या कामाला लावावेत, शोभेला ठेवू नयेत. किती बंद पडले, कुठे पडले, त्या दिवशी पाऊस होता की व्होल्टेज कमी होतं, हे लिहून त्याला कळवावं, दुरुस्त करून आणलेले नग पुन्हा कामावर घ्यावेत, आणि ठीक वाटले तर पुढच्या शंभरांची ऑर्डर द्यावी.